न चढलेल्या शिखराचे हप्ते

जुलै २०२२मधल्या एका रविवारी सकाळी माझी भाची काखेत फाईल मारून घरी आली. एरवी तिच्या हातात दोर, हेल्मेट, नाहीतर चिखलाने माखलेले बूट असतात. फाईल मी प्रथमच पाहिली. चहा होईपर्यंत ती इकडचे तिकडचे बोलत राहिली. मग कपात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली, "मामा, तू मला जामीनदार राहशील का?"

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे निवृत्त हवालदाराच्या हातात पुन्हा शिट्टी देण्यासारखे आहे. मी ताबडतोब चष्मा लावला. अर्ज वैयक्तिक कर्जाचा होता, मुदत तीन वर्षे. 'कर्जाचे कारण' या रकान्यात तिने 'प्रवास' असे लिहिले होते. प्रवास कुठला, तर नेपाळचा. नेपाळात कुठे, तर मनास्लू. उंची ८,१६३ मीटर. उंचीत जगातले आठवे शिखर.

"याला प्रवास म्हणतात?" मी विचारले.

"फॉर्ममध्ये गिर्यारोहणाचा रकाना नव्हता," ती म्हणाली.

कर्जाला तारण काही नव्हते. म्हणजे होते, पण ते तिच्या बँकेला दिसत नव्हते. मला दिसत होते. समोर बसून चहा पीत होते. एकोणतीस वर्षांची, संगणक कंपनीत बऱ्यापैकी नोकरी, आठवीत असल्यापासून सह्याद्रीतले कडे चढणारी, माझ्या एकुलत्या एका बहिणीची एकुलती एक मुलगी. बहिणीचा फोन आदल्या रात्रीच येऊन गेला होता. "ती उद्या येईल. तू नाही म्हण," एवढेच बोलून तिने तो ठेवला होता.

मी त्या दिवशी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. बँकेतली जुनी सवय. म्हटले, फाईल ठेवून जा, पुढच्या रविवारी ये.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या बहिणीचा समज असा, की मुलीच्या डोक्यात हे डोंगरांचे वेड मीच भरवले. ते अगदीच खोटे नाही. बँकेत लागल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९८३ साली, साठवलेली सगळी रजा एकदम काढून मी उत्तरकाशीला महिन्याभराचा गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. भुक्की गावाहून चालत जंगलातून वर चढत गेलो, की झाडे संपतात आणि डोकरानी बामक नावाची हिमनदी लागते. बामक म्हणजे गढवाली बोलीत हिमनदी. तिथे तंबूत आम्ही चाळीसेक पोरे होतो. माझ्यासारखे दोघे-तिघे कारकून, काही कॉलेजचे, बाकीचे सैन्यातले. शिकवणाऱ्याला तिथे 'उस्ताद' म्हणतात. आमचे उस्ताद बुटके, गहूवर्णी, कमी बोलणारे होते. रात्री पलीकडच्या डोंगरावरून गडगडाट झाला, की आम्ही उठून बसायचो. ते कूस बदलून फक्त "दूर आहे" असे म्हणायचे आणि घोरू लागायचे. तो आवाज ढगांच्या गडगडाटासारखाच, पण ढगांचा आवाज आकाशात फिरतो आणि हा खाली उतरत जातो. चाळीस वर्षांनंतरही मला तो फरक ओळखता येईल.

हिमप्रपात म्हणजे काय, हे उस्तादांनी आम्हाला स्वयंपाकाच्या तंबूत शिकवले. जेवणाचे स्टीलचे ताट घेतले. त्यावर साखर पसरली. साखरेवर मळलेल्या कणकेची जाड चपटी पोळी थापून ठेवली आणि ताटाची एक कड हळूहळू उचलायला लागले. बराच वेळ काही होत नाही. पोळी जागची हलत नाही. पोरे हसायला लागली. मग उस्तादांनी पोळीवर एका बोटाने टिचकी मारली, आणि सबंध पोळी एकसंध, जशीच्या तशी, ताटावरून घसरून चुलीपाशी जाऊन पडली. पोळी मऊ होती, घट्ट होती, तिच्यात कुठेही दोष नव्हता. दोष खालच्या साखरेत होता, आणि साखर वरून दिसत नव्हती.

पुढे पुस्तके वाचली तेव्हा कळले, की गिर्यारोहक त्या दाणेदार बर्फाला खरोखरच साखर-बर्फ म्हणतात. बर्फ एकदाच पडून राहत नाही. हंगामभर थरावर थर पडत जातात, आणि प्रत्येक थराची जात वेगळी. सुरुवातीचा थर पातळ असेल, वर हवा कडाक्याची थंड असेल आणि खालची जमीन त्या मानाने ऊबदार असेल, तर वाफ बर्फातून वर झिरपत राहते आणि त्या थराचे एकमेकांना न चिकटणारे, कंगोऱ्यांचे दाणे बनतात. त्यावर पुढे दोन-दोन मीटर बर्फ पडतो. वारा तो एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन दाबून बसवतो, आणि वरचा थर फळीसारखा टणक होतो. माणूस त्यावर पाऊल टाकतो, पाऊल रुतत नाही, आणि त्याला वाटते, वा, काय भक्कम बर्फ आहे! बँकेत मी अशी खाती पाहिली आहेत. वरच्या तीन वर्षांच्या नोंदी चोख, आणि खाली कुठेतरी एक जुने, तपासणीत निसटलेले कर्ज.

दुसरी गोष्ट उताराची. लोकांना वाटते, जितका कडा सरळ तितका धोका जास्त. तसे नाही. फार उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, पडला की ओघळून जातो. फार सपाटीवरून तो घसरत नाही. बहुतेक मोठे प्रपात सुटतात ते तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून. तीस-पस्तीस अंश म्हणजे किती? आपल्या घरातला नेहमीचा जिना. जुन्या वाड्यातला, हाताला दोरी धरून चढायचा जिना पंचेचाळिसाच्या जवळ जातो. म्हणजे गिर्यारोहकाला चढायला जो उतार बरा वाटतो, नेमका तोच बर्फालाही उतरायला बरा वाटतो.

आणि तिसरी जात आहे, तिचा थरांशी संबंध नाही. हिमनदी ही नदीच असते, फक्त संथ वाहते. कड्याच्या टोकाशी आली की तिचे मनोरे, भिंती पुढे लोंबकळत राहतात. त्यांना सेरॅक म्हणतात. एकेक सेरॅक चाळीतल्या इमारतीएवढा असतो. तो आज ना उद्या पडणार, हे नक्की. कधी, हे कोणी सांगू शकत नाही. तिथे पाऊल जपून टाकण्याने काही होत नाही. खालून लवकर निघून जाणे, एवढेच हातात असते.

आपल्या वर्तमानपत्रांत या सगळ्याला 'निसर्गाचा कोप' म्हणायची पद्धत आहे. मला ते कधी पटले नाही. बर्फ कोपत नाही. माणूस चुकीच्या वेळी चुकीच्या उतारावर असतो, आणि त्याला तिथे कोणीतरी पाठवलेले असते, किंवा तो आपणहून गेलेला असतो. या दोन्हींत फरक आहे.

तो आठवडाभर मी भाचीची फाईल आणि माझ्या कपाटातली जुनी पुस्तके समोरासमोर ठेवून बसलो. मनास्लूचा पूर्वेतिहास पाहायला हवा होता. कर्जदाराचा पाहतात तसा.

मनास्लूवर पहिले पाऊल पडले ते १९५६ साली, जपानी मोहिमेचे. तोशिओ इमानिशी आणि शेर्पा ग्याल्झेन नोर्बू ९ मे रोजी माथ्यावर पोचले. त्यानंतरचा इतिहास इतका सरळ नाही. १९७२च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाची मोहीम साडेसहा हजार मीटरच्या आसपास तळ टाकून होती. हिमप्रपाताने सबंध तळ गाडला. पंधरा माणसे गेली, त्यांतले दहा शेर्पा. पुढे चाळीस वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१२ रोजी, पहाटे पावणेपाचच्या सुमाराला, तिसऱ्या तळावर लोक तंबूत झोपलेले असताना वरून प्रपात आला. अकरा जण गेले. ग्लेन प्लेक नावाचा नामांकित अमेरिकन स्कीपटू झोपण्याच्या पिशवीसकट, तंबूसकट काहीशे मीटर खाली घसरत गेला आणि पुढचे दात गमावून जिवंत बाहेर आला. शेजारच्या तंबूतले वाचले नाहीत.

पहाटे पावणेपाच ही वेळ मी दोनदा वाचली. आमचे उस्ताद सांगायचे, रात्री निघा, दुपारच्या आत परत या, कारण ऊन चढले की बर्फ सुटतो. ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि तरी पुरेसे नाही. १९३७ साली नंगा पर्वतावर जर्मन मोहिमेच्या चौथ्या तळावरचे सात गिर्यारोहक आणि नऊ शेर्पा एकाच रात्री, झोपेत, गाडले गेले. बर्फ खणून मृतदेह शोधले, तेव्हा मनगटावरची घड्याळे बारानंतर थोड्याच वेळाने थांबलेली आढळली. उन्हाचा तिथे काही संबंध नव्हता.

गाडल्या गेलेल्या माणसाचे काय होते, हे मी बहिणीला कधी सांगितलेले नाही. इथे लिहितो, कारण ती माझे लेख वाचत नाही. पडताना भुसभुशीत असलेला बर्फ थांबला, की काही क्षणांत गच्च बसतो. हात वर करता येत नाही. तोंडापुढे श्वासाच्या वाफेचा बर्फ होऊन त्याचाच मुखवटा बनतो. बहुतेक माणसे थंडीने जात नाहीत, गुदमरून जातात. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून १९९४ साली संशोधकांनी हिशेब मांडला होता. पूर्ण गाडलेल्यांपैकी पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ जगतात, पस्तीस मिनिटांनी दहातले तीन. अलीकडच्या अभ्यासाने त्या पंधराचीही दहा मिनिटे केली आहेत. म्हणजे हेलिकॉप्टर, सैन्य, बचाव पथक या गोष्टी बातमीसाठी ठीक. जीव वाचवणार तो पंधरा पावलांवर उभा असलेला सोबती, आणि तोही त्याच्याकडे फावडे, लांब सळई आणि गाडलेल्याचा संदेश पकडणारे छोटे यंत्र असेल तर.

अपवाद असतात. फेब्रुवारी २०१६मध्ये सियाचिनवर, एकोणीस हजार फुटांच्या वर, सोनम चौकीवरचे दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी, पंचवीस-तीस फूट बर्फाखालून लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत निघाले. धारवाड जिल्ह्यातला, आपल्या शेजारचा माणूस. सबंध देश दिल्लीच्या इस्पितळाकडे डोळे लावून बसला होता. ११ फेब्रुवारीला ते गेले. सहा दिवस काढलेला माणूस, असे आपण आजही म्हणतो. पण त्या खोलीत सहा दिवस म्हणजे काय, याचा विचार फारसा करवत नाही.

फाईलमधल्या कागदांत एक विमापत्र होते. भाचीचा विमा बरा होता. हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्चही त्यात होता. त्याच्या मागे, एका ओळीत, मोहिमेच्या कंपनीने म्हटले होते, की सोबतच्या नेपाळी कर्मचाऱ्यांचा विमा 'शासकीय नियमांनुसार' उतरवला आहे. बँकेत अशा ओळीखाली आम्ही पेन्सिलीने रेघ मारत असू. मी मारली.

ही रेघ का मारली, ते जरा विस्ताराने सांगतो.

एव्हरेस्टवर पहिले मृत्यू झाले ते हिमप्रपातानेच. साल १९२२, तारीख ७ जून. ब्रिटिश मोहिमेचे दोन प्रयत्न फसले होते. पावसाळा दाराशी आला होता. जूनच्या सुरुवातीला भरपूर बर्फ पडला. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली, आणि जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरवेल आणि कॉलिन क्रॉफर्ड हे तिघे चौदा हमालांना घेऊन नॉर्थ कोलच्या उताराला लागले. त्यांनी बर्फाची परीक्षा केली नाही असे नाही. सुरुवातीच्या एका तीव्र टप्प्यावर त्यांनी मुद्दाम बर्फ घसरतो का ते पाहिले. तो घसरला नाही. म्हणजे ताट उचलले होते, टिचकी बाकी होती. दुपारी दीडच्या सुमाराला दारूचा बार उडावा तसा आवाज झाला आणि पायाखालचा उतार चालू लागला. पुढच्या दोरावरचे तिघे साहेब बर्फातून धडपडत वर आले. मागच्या दोन दोरांवरचे नऊ हमाल बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. दोघे जिवंत निघाले. सात गेले.

तिघे साहेब वाचले आणि सात हमाल गेले, ही गोष्ट सॉमरवेलच्या मनातून गेली नाही. आपल्यापैकी एखादा तरी त्यांच्यात असता तर बरे झाले असते, अशा अर्थाचे त्याने नंतर लिहून ठेवले. हा सॉमरवेल लंडनमध्ये शिकलेला शल्यचिकित्सक. त्याच वर्षी, मोहिमेनंतर भारत फिरताना तो त्रावणकोरात नेय्यूर इथले मिशनचे इस्पितळ पाहायला गेला, तिथली रोग्यांची रांग पाहिली, आणि इंग्लंडमधली प्रॅक्टिस सोडून आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षे त्याने दक्षिणेत डॉक्टरकीत घालवली. त्या सात जणांमुळे त्याने हे केले, असे म्हणणे कादंबरीकाराला सोपे आहे. मी म्हणत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत.

या गोष्टीला ब्याण्णव वर्षे झाली, तेव्हा काय बदलले होते? १८ एप्रिल २०१४. एव्हरेस्टची दुसरी, नेपाळची बाजू. तळाच्या वर खुंबू हिमप्रवाहाचा तुटलेला, भेगांचा टप्पा लागतो. तो ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच्या डाव्या अंगाला एव्हरेस्टचा पश्चिम खांदा, आणि त्या खांद्यावर लोंबकळणारे सेरॅक. सकाळी पावणेसातला त्यातला एक तुटला. खाली शिडी निकामी झाल्यामुळे माणसांची रांग खोळंबली होती. सोळा जण गेले. सोळाही नेपाळी, वरच्या तळांवर सामान पोचवणारे. तंबू, गॅस, दोर, प्राणवायूच्या नळ्या, शिधा. ज्यांच्यासाठी ते सामान चालले होते, ते बहुतेक खाली तळावर होते. त्यांना तो टप्पा हंगामात चार-सहा वेळा ओलांडावा लागतो. सामान वाहणाऱ्याला वीस-वीस वेळा. सेरॅक कोणाचे नाव वाचून पडत नाही, हे खरे. पण जो वीसदा खालून जातो, त्याच्यावर पडण्याचा संभव चारदा जाणाऱ्याच्या पाचपट, हे सातवीतल्या त्रैराशिकाने निघते.

नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची म्हणून प्रत्येकी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. आपले पंचवीस हजार. शेर्पा संतापले. त्यांनी त्या वर्षीची मोहिमांची चढाई बंद पाडली. नंतर सक्तीच्या विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. म्हणजे आपले साडेनऊ लाखही नाहीत. त्या काळात एका परदेशी माणसाला एव्हरेस्टच्या परवान्यासाठी सरकारला अकरा हजार डॉलर भरावे लागत. कागदावरचा हिशेब करून पाहा. मी केला, आणि वही मिटली.

या सगळ्यात एक माणूस मला फार आवडतो. रसेल ब्राइस, न्यूझीलंडचा, मोहिमा नेणारा व्यावसायिक. २०१२च्या मोसमात, सगळी तयारी झालेली, हवामान पुढे सुधारण्याची चिन्हे असताना, त्याने आपली मोहीम रद्द केली. कारण पश्चिम खांद्यावरचा तो बर्फ आणि त्याच्याखालून रोज जाणारे आपले शेर्पा. लोकांनी त्याला भित्रा ठरवले. त्या वर्षी काहीच पडले नाही, आणि दुसरे लोक शिखरावर जाऊन आले. कर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे असेच होते. बुडाले असते ते कर्ज कोणाला दिसत नाही. दोन वर्षांनी त्याच खांद्यावरून सोळा माणसांवर बर्फ आला. पुढे २०१९मध्ये दुसऱ्या एका अमेरिकन नेत्याने त्याच वाटेवरच्या एका मोठ्या सेरॅकला भिऊन मोहीम परत नेली, तेव्हा तर एका ग्राहकाने पैसे परत मागत त्याला कोर्टात खेचले.

पुढच्या रविवारी भाची आली, तेव्हा मी तिच्यापुढे एका कागदावर चार प्रश्न ठेवले. सोबतच्या शेर्पाचा विमा नेमका किती? प्रत्येकाकडे, शेर्पांकडेसुद्धा, शोधयंत्र आहे का? परत फिरायचे की नाही, हे कोण ठरवणार, काठमांडूच्या कचेरीत बसलेला माणूस की डोंगरावरचा? आणि मोहीम परत फिरली, तर पैशांचे काय?

तिला वाटले होते, मी व्याजदर विचारीन. कागद वाचून ती गप्प झाली. "मामा, तू मला विचारत नाहीयेस की तुला भीती वाटते का," ती म्हणाली.

"वाटते का?"

"सेरॅकची वाटते. थरांची नाही वाटत, त्यांच्यासाठी थांबता येतं."

हे उत्तर बरोबर होते. बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबणे, पावलाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा पुढे भेग पळताना दिसली तर वळणे, वाऱ्याने भरलेला उतार टाळणे, या गोष्टी शिकता येतात. गेल्या काही वर्षांत आपल्या मुलांनी त्या शिकलेल्याही आहेत. पुण्याची गिरिप्रेमी संस्था एप्रिल २०२१मध्ये अन्नपूर्णा शिखरावर जाऊन आली. हिमप्रपातांसाठी बदनाम असलेला तो डोंगर. साताऱ्याची प्रियांका मोहिते त्याच दिवशी त्याच शिखरावर होती. आमच्या काळी महाराष्ट्रातल्या मुलांना आठ हजारी शिखरे नकाशात पाहावी लागत. नाही कशाच्या बळावर म्हणायचे?

आठवड्याभरात तिने उत्तरे आणली. विमा पंधरा लाख, नेपाळी. यंत्रे सर्वांकडे. परत फिरण्याचा निर्णय डोंगरावरच्या म्होरक्याचा, आणि तो अंतिम. चौथ्या प्रश्नाचे उत्तर, मोहीम परत फिरली तर एक पैसाही परत नाही.

मी सही केली. बहीण तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

त्या सप्टेंबरात मनास्लूवर पाऊस लांबला होता, वर बर्फ पडतच होता, आणि चारशेच्या आसपास परदेशी गिर्यारोहक परवाने घेऊन आले होते. २६ सप्टेंबरला चौथ्या तळाच्या खाली प्रपात सुटला. एक नेपाळी कर्मचारी, अनुप राय, त्यात गेला आणि दहा-बारा जण जखमी झाले. त्याच दिवशी माथ्याजवळून अमेरिकेची हिलरी नेल्सन पडली. इकडे आम्हाला दिवसभर नुसती बातमी, नावे नाहीत. बहीण आमच्या घरी येऊन बसली, न बोलता. संध्याकाळी सातला फोन लागला. त्यांची तुकडी पहिल्या तळावर होती. म्होरक्या थांबला होता. पुढच्या चार दिवसांत दुसऱ्या तुकड्यांतले काही जण वर जाऊन आले. हिचा म्होरक्या म्हणाला, नाही. २ ऑक्टोबरला मुख्य तळाजवळ आणखी एक प्रपात आला, आणखी एक शेर्पा गेला, आणि मग बऱ्याच मोहिमांनी गाशा गुंडाळला.

आम्ही देवापुढे पेढे ठेवले. आणि ४ ऑक्टोबरला सकाळी उत्तरकाशीची बातमी आली.

द्रौपदी का डांडा, ५,६७० मीटर. नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे शिक्षक शिखराच्या जवळ होते. उताराची फळी सुटली आणि तिने त्यांना खालच्या भेगेत नेले. एकोणतीस जण. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरे चढून आलेली, शिक्षक म्हणून गेलेली, गढवालच्याच एका खेड्यातली मुलगी. डोकरानी बामकवरून तो डोंगर दिसतो. आमचे ताट, साखर आणि कणीक त्याच्याच पायथ्याशी होते. मी टीव्ही बंद केला आणि चालत बाहेर गेलो. आठ हजारी शिखर नव्हते, व्यापारी मोहीम नव्हती, बेफिकीर हौशे-नवशे नव्हते. आदल्या पिढीने पुढच्या पिढीला बर्फ कसा ओळखायचा हे शिकवण्याची जागा होती ती.

भाची दसऱ्यानंतर घरी आली. ओठ फुटलेले, नाकाची साल गेलेली. शिखराबद्दल ती काही बोलली नाही. बोलली ते तिच्या सोबतच्या दाईबद्दल. दाई म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. वर दोन तळ उभारून झाले होते, तिथे तिचे सामान त्याने पाच खेपांत वाहिले होते, आणि मोहीम रद्द झाल्यावर ते उतरवायला तो आणखी तीनदा गेला. "मी त्या उतारावर एकदाही गेले नाही मामा," ती म्हणाली, "तो आठदा गेला. माझ्या तंबूसाठी."

मग तिने न चढलेल्या शिखराचे हप्ते भरायला सुरुवात केली. दर महिन्याच्या पाच तारखेला. जामीनदार असल्यामुळे मला बँकेचा संदेश यायचा तो फक्त हप्ता चुकला तर. तीन वर्षांत एकदाही आला नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी, ती पुन्हा आली. 'कर्ज पूर्ण फेडले' असे बँकेचे पत्र तिने टेबलावर ठेवले. मी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले, शाखेचा शिक्का पाहिला. त्याच्याखाली दुसरी एक फाईल होती. वर डोंगराचे नाव लिहिले होते, आणि आत पहिल्याच पानावर, तिच्या अक्षरात, माझे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे. पाचवा प्रश्न तिने स्वतः घातला होता. माझे सामान वर नेण्यासाठी एका माणसाला किती खेपा कराव्या लागतील? त्यापुढे जागा कोरी होती.

"चहा टाकतो," मी म्हणालो.